पायाळू पोरीचा बाप

माझं शिक्षण सातवी. फौजेत शिंपी होतो. आयुष्य मशीन मारण्यात गेलं, लिहिण्यात नाही. तरी लिहायला बसलो, कारण ज्यांच्या घरी पायाळू लेकरू आहे आणि ते अंगाने वाढत नाही, त्यांना हे सांगणारं कोणी भेटत नाही. आम्हाला भेटलं नव्हतं.

एक आधीच सांगतो. पोरगी आजारी होती ती सगळी वर्षं मी जळत होतो. शेजाऱ्यावर जळलो, बायकोवर जळलो, कधी कधी पोरीवरसुद्धा. ज्याच्या घरात असं आजारपण आहे त्याला हे कळेल. बाकीच्यांनी नावं ठेवावीत.

गुण

लग्नानंतर फार वर्षांनी आम्हाला मंगल झाली. माझी बायको शालन तेव्हा चाळिशीला टेकलेली. बाळंतपण साताऱ्याकडे माझ्या गावी, सुईणीच्या हातून. मी राजस्थानात युनिटमध्ये. रजा मिळून घरी पोचलो तर आई दारातच म्हणाली, "पायाळू हाय रं पोरगी. नशीब काढलंस."

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेली. आधी पाय आले, मग धड, आणि डोकं अडकलं. बराच वेळ अडकलं. बाहेर आली ती निळीजांभळी, रडेचना. सुईणीने कांदा फोडून नाकाशी धरला, तळवे चोळले, तेव्हा कुठं कण्हली. आई हे सगळं कौतुकाने सांगत होती. मीही कौतुकाने ऐकलं आणि परत जाऊन युनिटमध्ये पेढे वाटले.

शालन पोरीकडे बघत बसली होती. मी एवढा प्रवास करून आलो, माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. माझं जळणं तिथून सुरू झालं म्हणा.

पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो असं आमच्याकडे मानतात. कंबरेत उसण भरली की त्याचा पाय लावून घ्यायचा. जयपुरातही तेच मानतात हे मला इथे आल्यावर कळलं. मी रिटायर झालो तेव्हा गावी ना जमीन होती ना भावकीत जीव. छावणीजवळ वर्दी शिवायचं काम मिळेल म्हणून खातीपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या आणि पुढच्या खोलीत मशीन टाकलं. मंगल उभी राहायला लागली आणि बातमी पसरली की मास्टरजींची छोरी पैरों से हुई है. रविवारी सकाळी अंगणात माणसं जमायची. दूधवाला, भाजीवाली, स्टेशनवरचा हमाल. ती पालथी पडायची आणि माझी एवढीशी पोरगी त्यांच्या कंबरेवर पाय ठेवून खुदकन हसायची.

सगळ्यात जास्त यायचा शेलार. हवालदार शेलार, कोल्हापूरकडचा, फौजी ट्रकवर ड्रायव्हर. आमच्या मागच्या घरात भाड्याने राहायचा. ट्रकने त्याची कंबर खाल्लेली. त्याची पोरगी विद्या आणि आमची मंगल एकाच वर्षी जन्मलेल्या. पालथा पडून तो ओरडायचा, "मंगलाबाई, जोर लावा की! मांजर बसलंय का माझ्या पाठीवर?" मग उठून कंबर इकडं तिकडं हलवायचा आणि म्हणायचा, "गेली बघ मास्टर. देव आहे तुझ्या पोरीच्या पायात."

आणि विद्याचा हात धरून जायचा. विद्या त्याच्या कंबरेला लागत होती. पुढच्या वर्षी कंबरेच्या वर. मंगल तिथंच.

दुमड

पोर वाढते की नाही हे शिंप्याला दुसऱ्याने सांगावं लागत नाही. शाळेचा झगा शिवताना मी खाली चार बोटं दुमड ठेवतो. पोर वाढली की दुमड उसवायची, झगा लांब होतो. विद्याच्या झग्याची दुमड दर वर्षी शाळा उघडताना मीच उसवून द्यायचो. शेलार हसत हसत आणून टाकायचा. "मास्टर, ही पोरगी बांबूसारखी चालली बघ." हातात कात्री असायची म्हणून मी उत्तर देत नव्हतो.

मंगलचा झगा धुऊन धुऊन विटला. दुमड तशीच. एकदा आतून उलटून बघितली तर आतला निळा रंग नव्यासारखा होता.

मग विद्याचे लहान झालेले कपडे आमच्याकडे यायला लागले. शेलारची बायको गाठोडं घेऊन यायची. "वैनी, विद्याला होत नाहीत, मंगलला घाला." मोठ्या बहिणीचे धाकटीला जातात तसे. दोघी एका वयाच्या. शालन गाठोडं घ्यायची, चहा ठेवायची. मला ते गाठोडं स्टोव्हवर धरावंसं वाटायचं.

मंगल विचारायची, "बाबा, विद्या मोठी झाली. मतलब मी कधी होणार?"

"पुढच्या वर्षी."

"मागच्या वर्षी पण तुम्ही हेच बोलले."

डॉक्टर केले. एकाने टॉनिक दिलं, एकाने जंताचं औषध. एक म्हणाला, आईबाप बुटके असतील. मी फौजेत भरती झालेला माणूस, समोर उभा होतो! प्रत्येकाने शालनला एक प्रश्न हमखास विचारला, "पैदाइश नॉर्मल थी?" आणि शालनने दर वेळी सांगितलं, "हां जी, एकदम नॉर्मल." खोटं बोलायचा तिचा इरादा नव्हता. पायाळू म्हणजे काही बिघाड आहे असं आमच्या मनातच कुठं होतं?

एक गोष्ट शालनने मात्र आपली आपण हेरली होती. सकाळी उठवताना मंगल कधी कधी गळून जायची. घाम यायचा, एकामागून एक जांभया. तान्ही असताना दोनदा आकडी आली होती. शालन अशा वेळी बोटाने तिच्या हिरड्यांना साखर चोळायची. थोड्या वेळाने पोरगी ताजी. का, ते तिला सांगता येत नव्हतं.

हरतालिका

मंगल आठ वर्षांची असताना विद्याने हरतालिकेचा उपास धरला. शेलारीण केळी-दूध देणार होती. मंगल म्हणाली, मी पाणीसुद्धा पिणार नाही. उंचीत हरत होती, उपासात तरी जिंकायचं होतं. शालनचाही उपास होता. दुपारी ती पोरीच्या मागे लागली, एक केळं तरी खा. मंगलने तोंड घट्ट मिटून घेतलं. मी मशीनवरून बघत होतो. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. माझी पोरगी शेलारच्या पोरीला कशात तरी मागे टाकत होती.

सकाळी ती उठली नाही. हातपाय थंड, डोळे वर, अंग ताठ झालं आणि झटके सुरू झाले. शालनने साखर चोळली, पण दातखीळ बसलेली. मी उंबऱ्यात बसलो तो बसलोच. शेलार धावत आला, त्याने पोरगी उचलली आणि तसाच रस्त्यापर्यंत पळाला. ऑटो त्यानेच थांबवला. मी मागून चपला हातात घेऊन.

शेलारची कंबर त्या दिवशी साफ गेली. आणि पाय लावणारी बेशुद्ध.

जाळी

शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात शिरेतून ग्लुकोज लावलं आणि मंगलने डोळे उघडले. पहिला शब्द, "आई."

मुलांच्या वॉर्डात पेशंटजवळ फक्त आई राहू शकत होती. बापांनी व्हरांड्यात. व्हरांड्याच्या खिडकीला जाळी होती. पुढचे सगळे दिवस माझं ठिकाण ती जाळी. सकाळी घरून डबा आणायचा, शिपायाच्या हाती आत पाठवायचा आणि जाळीला नाक लावून उभं राहायचं. आत शालन तिचे केस विंचरतेय, तिला पेज भरवतेय, दोघी कशावर तरी हसताहेत. माझ्याकडे बघून हात करायच्या, जसा आगगाडीतून बाहेरच्या माणसाला करतात तसा. मला वाटायचं, या दोघींचं घर इथंच आहे आणि मी डबेवाला.

शेलार कंबरेला पट्टा बांधून रोज यायचा. त्याला बघून मंगल पलंगावर उठून बसायची. "काका, कंबर?" तो जाळीतून म्हणायचा, "तुझ्याशिवाय कुत्रं विचारीना बघ." ती हसायची. मला बघून अशी हसत नव्हती.

तरुण डॉक्टरांना काही उमगत नव्हतं. साखर उतरते, का उतरते कळत नाही. पैदाइश नॉर्मल? हां जी, नॉर्मल.

मग एका सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. मी जाळीशी होतो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. शेजारच्या पलंगावरच्या मुलाची आई, चौमूकडची बाई, खाली फरशीवर पालथी पडली होती आणि माझी मंगल एका हाताने शालनला धरून त्या बाईच्या कंबरेवर पाय देऊन उभी होती.

"यह क्या तमाशा है?" डॉक्टर ओरडले.

बाई पडल्या पडल्या म्हणाली, "डाक्टर साब, कमर में झटको आग्यो. या छोरी पगां सूं जलमी छै."

डॉक्टर थांबले. शालनकडे वळले. "पैर पहले आए थे?"

"जी."

"रोई थी?"

"बहुत देर नहीं रोई. नीली पड़ गई थी."

"और आप इतने दिन से नॉर्मल बता रही हैं?"

शालन गोंधळली. "आप बीमारी पूछ रहे थे, साहब. यह तो अच्छी बात है ना?"

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. त्यांनी स्टूल ओढला आणि बसले. मंगलचे हात बघितले, गाल बघितले, दात मोजले. मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला. रक्त दिल्लीला पाठवलं.

हरभऱ्याएवढी

निकाल यायला वेळ लागला. ज्या दिवशी आला त्या दिवशी मलाही आत बोलावलं.

मेंदूच्या खाली हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. सगळ्या शरीराला तिचा हुकूम जातो, वाढायचं कधी, अंगात ऊब किती ठेवायची, ताप आला तर लढायचं कसं. मंगलची ती ग्रंथी जवळजवळ गप्प होती. आठ वर्षांच्या पोरीची हाडं चार वर्षांच्या पोरीची.

मी विचारलं, "मतलब साहब, सुभेदार सो गया और पलटन को ऑर्डर ही नहीं मिला?"

डॉक्टर हसले. "बिल्कुल यही."

"जन्मताना डोकं अडकलं म्हणून झालं का?" हे शालनने विचारलं, मराठीतच. तेवढं त्यांना कळलं. ते म्हणाले, मी शपथ घेऊन सांगणार नाही. पण या आजाराच्या मुलांमध्ये पायाकडून जन्मलेली, श्वास कोंडलेली मुलं बरीच सापडतात. सगळी पायाळू मुलं आजारी नसतात, बहुतेक ठणठणीत असतात. पण पायाळू मूल वाढत नसेल, उपाशीपोटी गळून जात असेल, तर डॉक्टरला ही गोष्ट पहिल्यांदा सांगायला हवी. मीही तेच सांगायला हे लिहितोय. विचारायची वाट बघू नका. तोंडाने सांगा.

मग ते शालनला म्हणाले, "आपकी चीनी ने इसको ज़िंदा रखा है, माताजी." शालन रडली. मी भिंतीकडे बघत होतो. मला कोणी काही म्हणालं नाही, आणि म्हणण्यासारखं काही नव्हतंही. तरी जळालो.

पिशवी

औषध म्हणजे गोळ्या. एक सकाळी उपाशीपोटी, दुसरी सकाळी अख्खी आणि दुपारी अर्धी. ताप आला, उलटी झाली, पडली-झडली तर दुपारचीही अख्खी. आणि उपाशी कधीही ठेवायचं नाही. "कोई व्रत नहीं, कभी नहीं," डॉक्टरांनी बजावलं.

मी बगरूच्या छापील कापडाच्या उरलेल्या तुकड्याची एक पिशवी शिवली, नाडीची. त्यात गोळ्या, गुळाचा खडा, ग्लुकोजची पुडी. शालन ती कंबरेला खोचून ठेवायची, जेवताना, पाणी भरताना, देवळात, सगळीकडे. मी एकदा म्हणालो, "आण, आज मी देतो."

"तुम्हाला कुठं ठाऊक आहे कधी किती द्यायची?"

एवढंच म्हणाली, रागाने नाही. मी परत मशीनवर बसलो. तिथून आतली खोली दिसायची.

उंचीचं इंजेक्शन वेगळं असतं, ते इथे मिळत नव्हतं. तपासणीला जायचो तिथं दिल्लीहून बदलून आलेल्या एका साहेबांचा मुलगा यायचा, हाच आजार. त्याचा मामा परदेशातून बर्फाच्या डब्यात इंजेक्शन आणायचा. दर भेटीला तो पोरगा वाढलेला. मी त्याच्या पँटीकडे बघायचो. दुमड उसवल्याची रेघ इस्त्रीने जात नाही, मला लांबून दिसते. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ते इंजेक्शन बंद झालं. मेलेल्या माणसांच्या ग्रंथीतून काढत होते आणि परदेशात काही मुलांना त्यातून भयंकर आजार लागला. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? बरं वाटलं. मग पुढच्या भेटीला तो पोरगा आला, ठणठणीत, बापाच्या खांद्याला लागलेला. परत जळालो.

मंगलला गोळ्यांनी गुण आला. अंग गरम लागायला लागलं, आवाज मोकळा झाला, शाळेत पेंगायची ती थांबली. आणि वर्षाने, एका रविवारी, मी तिच्या झग्याची दुमड उसवली. दोन बोटं! शालनने झगा माझ्या हातातून ओढला आणि पहिल्यांदा कुठं पळाली, तर शेलारांकडे. त्यांच्या अंगणातून हसण्याचा आवाज येत होता. मी उसवलेले दोरे गोळा करत बसलो.

पाय लावणं मात्र शालनने बंद केलं. "ज्या पायांनी पोरीचं असं झालं त्यांची आरती नको." लोक परत जायला लागले. मंगल रडली. तेवढ्या एका कामात मोठी माणसं तिच्या पायाशी पडायची, तेही गेलं. शेलार आमच्या दारावरून जाताना ताठ चालायचा. विचारलं तर म्हणायचा, "कंबर? एकदम बरी." कोपरा वळला की भिंतीला धरायचा. एके दिवशी मंगल त्याच्या आडवी उभी राहिली.

"काका, झोपा."

"अगं, बरी आहे."

"झूठ. झोपा."

शालन दारात होती, ती आत गेली. शेलार रस्त्यातच पालथा झाला. त्याचा हा मोठेपणाही मला सहन होत नव्हता.

दहावा

मंगल बारा वर्षांची झाली. बघणाऱ्याला सातेक वर्षांची वाटायची. त्या पावसाळ्यात शालनला कावीळ झाली. अंग पिवळं पडलं तरी अंगावर काढलं, मंगलच्या तपासणीची तारीख जवळ आली होती. हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

शेवटच्या दिवसांत शेलारीण तिच्याजवळ असायची. शालन गेल्यावर दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन आली. "भाऊजी, वैनींनी माझ्याकडे दिली होती. मंगलला वेळेवर देत जा म्हणाल्या."

मी शिवलेली पिशवी. माझी पोरगी. आणि मरताना दिली शेलारणीला.

मंगलही माझ्याकडून गोळी घेईना. "काकू देईल." काकू दोन्ही वेळा येऊन द्यायची, मंगल तोंड उघडायची. मी समोर बसलेलो.

दहाव्याला जयपूरजवळच्या गलता तीर्थावर गेलो. तिथं कुंड आहे, डोंगर आहे आणि माकडंच माकडं. मंगल हट्टाने आली. काकू घरी स्वयंपाकाला राहिली आणि निघताना पिशवी माझ्या हातात दिली. "दुपार होण्याआधी परत याल. नाहीतर असू दे जवळ."

आपल्यात कावळा पिंडाला शिवल्याशिवाय घरचं कोणी जेवत नाही. गुरुजींनी पिंड मांडला, आम्ही लांब उभे राहिलो. कावळे थोडे, माकडं पुष्कळ. सोबत आलेले दोघं काठ्या घेऊन माकडं हाकलत होते आणि काठ्यांना भिऊन कावळे येत नव्हते. ऊन चढलं.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "मनातलं बोला."

मी हात जोडले. शेलार पुढं झाला. "वैनी, मंगलची काळजी करू नका. आम्हाला ती विद्यासारखीच."

"शेलार, गप्प बस."

तो मागे सरला. कावळा आला नाही.

मंगलने जांभई दिली. मी बघितलं. परत दिली. कपाळावर घाम, ओठ पांढुरके. सकाळची गोळी काकूने दिली होती, पण खाल्लं काहीच नव्हतं. आईने खाल्ल्याशिवाय खाणार नाही म्हणाली होती. तेच घट्ट मिटलेलं तोंड. हरतालिकेचं.

मी पिशवीची नाडी सोडली आणि गुळाचा खडा काढला. "तोंड उघड."

"आधी आई."

"आई खाईल नाहीतर राहील. तू खा."

गुरुजी मागून म्हणाले, "अहो, पिंडाला शिवायच्या आधी घरच्यांनी..."

"गुरुजी, कावळ्याला सांगा थांबायला."

"काकू देते," मंगल पुटपुटली. जीभ जड झाली होती. "काकूला आईने सांगितलंय."

"काकू इथं नाही. आई नाही. मी आहे. मंगल, मी आहे इथं, उघड तोंड."

तिने माझ्याकडे बघितलं. शालन पोरीकडे बघायची तसं. असं कधी कोणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. मग तोंड उघडलं. मी आधी गूळ दिला, ग्लुकोज तळहातावर पाण्यात कालवून चाटवलं, जरा डोळे उघडल्यावर गोळी, वर बिस्किट. मागे कोणीतरी "शिवला, शिवला" ओरडलं. मी वळलो नाही. शेलार म्हणतो कावळाच होता. एक जण म्हणाला, माकडाच्या हातून पडलेलं कावळ्याने नेलं. मला ठाऊक नाही. मी पोरीचा घाम पुसत होतो.

परत येताना बसमध्ये ती माझ्या मांडीवर बसली होती. बारा वर्षांची पोरगी कोणाच्या मांडीवर बसत नाही. माझी बसते.

"बाबा, दुपारची अर्धी असते. तुम्ही अख्खी दिली."

"बरं नसलं की दुपारची पण अख्खी."

"तुम्हाला कोणी सांगितलं? आईने?"

"कोणी नाही. तुझी आई तुला काय देते, किती देते, मी रोज मशीनवरून बघत होतो."

"का?"

जळत होतो म्हणून, हे पोरीला काय सांगणार? "असंच," म्हणालो.

पिशवी आता माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असते. त्यासाठी सगळ्या सदऱ्यांना खिसा लावला. विद्याचे कपडे अजून शिवायला येतात, टेप लावताना हात वर न्यावा लागतो आणि पोटात अजून दुखतं. रविवारी शेलार येतो, पालथा पडतो. मागच्या आठवड्यात मंगलला ताप होता. मी गोळी वाढवली, उशाशी बसलो, पट्ट्या ठेवल्या. तापात ती "आई, आई" करते. माझं नाव घेत नाही. आईलाच हाक मारते.

ओ मी देतो.